व्हॅनची बॅटरी कोण खातंय

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
सकाळपासून व्हॅन धुतली. वैशालीची, माझ्या सुनेची. शाळेची पोरं नेते. सतरा वर्षांची झाली व्हॅन, पण हार घातला की नवी दिसते. लांबून. सीट उचलून इंजिन पुसलं. खाली एका बोल्टाशी गंज. पान्याने खोलला, तारेची पट्टी बाजूला केली, घासलं, काळा ऑइलपेंट मारला. सुकल्यावर पट्टी लावून परत आवळला. वै. म्हणते, "आई, आतलं कोण बघणारे?" म्हटलं, गंज बघतो.
संध्याकाळी टेंभी नाक्याला देवीला गेलेलो. ट्रॅफिकमध्ये पाऊण तास. ओटी भरली, परत.

४ ऑक्टो., शनि.
व्हॅन उठेना. चावी फिरवली की नुसतं कण्हते. खालच्या मजल्यावरच्या दोघांनी धक्का मारला तेव्हा चालू. वै.ला झापलं. म्हटलं, काल लाइट चालू ठेवून वर आलीस. "नाही हो आई." नाही म्हणायला काय लागतं.

६ ऑक्टो., सोम.
रफिक वायरमन कोपर स्टेशनजवळ बसतो, त्याने बॅटरी नेऊन चार्ज करून आणली. म्हणतो, बॅटरी चांगलीय मावशी, गाडीत कोणीतरी खातंय. मी वै.कडे बघितलं. आता ती व्हॅन लावली की लाइटचं बटण तीन तीनदा बघते. वर येते, परत खाली जाते. बघू दे. सवय लागेल.

८ ऑक्टो., बुध.
पुलाखाली बंद पडली. आत नऊ पोरं. रिक्षा करून पोचवली. गोसावीबाई घरी आल्या, त्यांची दोन पोरं आहेत व्हॅनमध्ये. बोलायला गोड. "ताई, सोमवारपासून परीक्षा. शनिवारपर्यंत झालं तर बघा, नाहीतर आम्हाला दुसरी व्हॅन बघावी लागेल." त्या गेल्या की बाकीच्या आया मागोमाग जाणार. मग व्हॅन ठेवून करायचं काय.
वै. जेवली नाही. मी जेवले. दोघींनी उपाशी राहून बॅटरी भरत नाही.

९ ऑक्टो., गुरु.
रफिकने मीटर आणलं. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर त्याच्या दोन काड्या लावल्या. साडेबारा व्होल्ट. चालू गाडीत चौदाच्या आसपास पाहिजे. म्हणाला, डायनामो गेला. चार्जिंगच करत नाही, बदलावा लागेल.
म्हटलं, डायनामोच्या अंगाला काडी लावून बघ ना आधी.
"मावशी, तुम ही कर लो."
"दे इकडे."
दिलं नाही. पण लावली. चौदाच्या वर! म्हणजे माल तयार होतोय, दुकानात पोचत नाही. मधे कुठेतरी रस्ता बंद. कोलशेतच्या कंपनीत अठरा वर्षं मोटारीच्या कॉइली गुंडाळल्या मी. शाळा चौथी, पण काडी कुठे लावायची ते समजतं. वै.पुढे जरा मिरवलं. चहा तिने दोनदा दिला.

१० ऑक्टो., शुक्र.
रफिक परत आला. जाड काळी वायर, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला. मीटर एकदम चौदाला. हेडलाइट पण उजळली. वायर काढली, परत मंद. "अर्थिंग. इंजिनवरून बॉडीला पट्टी जाते ना, तिच्यात लफडा. उद्या नवीन टाकतो." गेला.
मी तिथेच उभी. पट्टी. बोल्ट. माझा काळा रंग.
कंपनीत नवीन पोरगी आली की पहिली गोष्ट शिकवायचे, तारेवरचं व्हार्निश ब्लेडने खरवड, मग जोड. रंगातून करंट जात नाही. विसरली की सगळ्यांसमोर बोलायचे. एकीला रडवलेलं. आणि इथे मी स्वतः ब्रश घेऊन जोडावरच रंग दिला, वर पट्टी आवळली, वर हळदकुंकू वाहिलं. बोल्टाच्या आट्यांतून करंटला थोडी वाट होती म्हणून एवढे दिवस तरी ओढली बिचारीने.
वै. भाजीला गेलेली. पॉलिश पेपर काढला. सीट उचलली, बॅटरीची वायर सोडवली, बोल्ट खोलला. घासून घासून पत्रा चांदीसारखा केला, पट्टीचं टोक पण. आवळलं, वायर जोडली. मग वरून बोटाने ग्रीस. रंग नाही.
हात धुतले. वै. आली तेव्हा मी टीव्ही बघत होते.

११ ऑक्टो., शनि.
एका चावीत चालू. रफिक नवी पट्टी घेऊन आला. मीटर लावलं, चौदा. सीट उचलली. चकचकीत पत्रा बघितला, माझी काळी नखं बघितली.
"किसने किया?"
"झालं ना?"
"झालं मावशी." हसला. पट्टी परत घेऊन गेला. पोटात ठेवणारा माणूस आहे.
वै.ला सांगितलं, कनेक्शन ढिलं होतं. खोटं नाही ते. पुरतं खरं पण नाही. गोसावीबाईंना फोन तिने केला. नंतर दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. घरात परत बोलणं सुरू झालं.

१२ ऑक्टो., रवि.
व्हॅन उभीच. मुद्दाम नाही चालवली, रात्रभर नि दिवसभर टिकते का बघायला. चार वाजता मी चावी फिरवली. पहिल्या झटक्यात उठली. छान वाटलं.
ब्रश कडक झालेला. टाकला.

१३ ऑक्टो., सोम.
पहिला पेपर. नऊची नऊ पोरं आली. गोसावीबाई स्वतः सोडायला आलेल्या, बघून गेल्या. वै. निघायच्या आधी लाइटचं बटण बघते. एकदा. परत. दिवसाउजेडी! ते बघवेना.
खिडकीशी गेले. म्हटलं, "अगं, लाइटचं नव्हतं ते."
"मग कशाचं होतं, आई?"
मागून कोणाचं तरी पोर ओरडलं, काकी, चला ना, पेपर आहे. ती माझ्याकडे बघत होती. मग गिअर टाकला, गेली.
अकराला पोरं सोडून येईल. आल्या आल्या विचारेल, सोडणारी नाही ती. चहा टाकून ठेवते.