हरणांना कशाचीही सवय होते

३ नोव्हेंबर २०२४, सकाळ
आजपासून रोजनिशी. हरभरा दोन बोटं वर आलाय. लातूरच्या क्लासमध्ये बावीस वर्षं बायोलॉजी शिकवून जूनमध्ये स्वेच्छेने निवृत्त झालो आणि औशाजवळ आमच्या गावी शेती करायला आलो. माझ्या येण्याचा गावाला किती फायदा होणार आहे, हे गावाला अजून कळायचंय. कळेल.

इकडे हरभऱ्याच्या कडेनं करडई पेरायची पद्धत. करडईला काटे, म्हणून हरणं आत शिरत नाहीत म्हणे. पेरणीच्या दिवशी शिवकन्या (पत्नी) करडईचं बी पदरात घेऊन बांधावर हजर. मी परत पाठवलं. समजावून सांगितलं: करडईला पळता येत नाही म्हणून तिला काटे आले. हरणाला काटे नाहीत म्हणून त्याला पाय आले. माणसाला धड दोन्ही नाही, म्हणून मेंदू आला. यालाच अनुकूलन म्हणतात. हा धडा मी बावीस वर्षं शिकवला.
ती म्हणाली, सगळ्याच मानसायला आला का?
अडाणी प्रश्न. 

६ नोव्हेंबर
हरणं येऊन गेली. कडेचे सगळे शेंडे फस्त. घाबरण्यासारखं काही नाही. हरभऱ्याचे शेंडे खुडले की फांद्या जास्त फुटतात, त्यासाठी लोक बाया लावतात. माझी खुडणी फुकटात झाली.
शेजारच्या रानातला व्यंकट बांधावर उभा राहून म्हणाला, सर, माझ्या रानात एक बी न्हाई शिरलं, सगळी तुमच्याकडंच कशी? त्याच्या रानाला चहूबाजूंनी करडई आहे. मी म्हणालो, हरणांना चांगला हरभरा ओळखता येतो. तो गप्प बसला. विज्ञानापुढे माणूस गप्पच बसतो.

९ नोव्हेंबर
पुन्हा खुडणी. या वेळी बुडापासून.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून रानात.

१० नोव्हेंबर, सकाळी ८.४०
उठलो.

१२ नोव्हेंबर
लातूरहून भोंगा आणला. बॅटरीवर चालतो, मेमरी कार्ड घालायचं, तेच तेच दिवसभर वाजत राहतं. मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला: "हाऽऽ! हुर्रऽऽ! हाऽऽड!" बांधावरच्या बाभळीला भोंगा टांगून चालू केला. अख्खा कळप नाल्यापार! शिवकन्येला मुद्दाम बोलावून दाखवलं. म्हणाली, आवो, दोन दिस थांबा.
तिच्या माहेरी सगळ्यांचा स्वभाव असाच. कुणाचं चांगलं बघवत नाही.

१६ नोव्हेंबर
हरणं परत. भोंग्यातून मी जीव तोडून ओरडतोय आणि एक मादी खुशाल पाडसाला पाजतेय. मी चिडलो नाही. धोका नसलेल्या आवाजाकडे प्राणी हळूहळू दुर्लक्ष करतात, पुस्तकात आहे हे. शिवकन्येला सांगितलं तर म्हणाली, क्लासातली पोरं बी असंच करत होती का? मी विषय बदलला.

१८ नोव्हेंबर
वाघाची डरकाळी डाउनलोड करून लावली. निरीक्षणे: हरणांनी माना वर केल्या, इकडे तिकडे बघितलं, पुन्हा खाली घातल्या. व्यंकटचा बैल दावं तोडून थेट गावात, ग्रामपंचायतीच्या पायरीवर. आमचं कुत्रं संध्याकाळपर्यंत बाजेखाली.
निष्कर्ष: औशाच्या हरणांच्या कित्येक पिढ्यांनी वाघ पाहिलेला नाही. त्यांच्या सिलॅबसमध्ये वाघच नाही तर ती घाबरणार कशी? चूक माझी नाही, सिलॅबसची आहे. व्यंकटला हे सविस्तर सांगितलं. तो बैलाला धरून घरी नेत होता, त्यामुळे त्याचं पूर्ण लक्ष नव्हतं.

२१ नोव्हेंबर
साड्या! जुन्या साड्या रानाभोवती बांधल्या की वाऱ्यानं फडफडतात आणि जनावर बुजतं. सगळा मुलूख करतो, मग मीच का मागे? शिवकन्या देवळात गेली होती. तिची ट्रंक उघडली. जुनी कोणती, नवी कोणती? मी शास्त्रीय कसोटी लावली: जी तीन वर्षांत नेसली नाही ती जुनी. कसोटीला पाच उतरल्या. त्यातली एक इरकल, गर्द जांभळी, काठ लाल. हरणांना रंग कितपत दिसतात माहीत नाही, पण मला फार आवडली. तीच दर्शनी बाजूला बांधली.

२२ नोव्हेंबर
ती इरकल शिवकन्येच्या आईची निघाली. आईनं जाताना दिलेली शेवटची. मला कुणी सांगितलं होतं? साडीवर लिहिलेलं नव्हतं.
सकाळी ती रानात आली तेव्हा मी मोबाइल हातात धरून नव्या "हुर्र"चं रेकॉर्डिंग करत होतो. इरकल बाभळीच्या काट्यांनी तीन ठिकाणी फाटली होती, पदर सुटून रात्रभर हरभऱ्यात लोळत होता, आंब लागून डाग पडले होते. हरभऱ्याच्या पाल्याला दवात आंबट पाणी सुटतं, त्याला आंब म्हणतात. कीड-मुंगी लांब राहावी म्हणून झाडानं केलेली ती सोय आहे. ही माहिती मी तिला लगेच दिली. त्यानंतर ती बोलायला लागली. बराच वेळ बोलली.
दुपारच्या गाडीनं उदगीरला गेली, भावाकडे. पक्षीसुद्धा थंडीत स्थलांतर करतात. चार दिवसांत येईल. डब्यात भाकरी ठेवून गेली आहे, म्हणजे फार रागात नसावी.

२६ नोव्हेंबर
भाकरी संपली. उंट पाण्यावाचून आठवडा काढतो, मी बेकरीचं बटर आणि चहा यांवर काढतोय. वजन कमी होतंय, ते हवंच होतं. एकटं राहायचं अनुकूलन उत्तम चाललंय. घर फार शांत आहे. अभ्यासाला बरं.
बीपीची गोळी काल घेतली की परवा?

२८ नोव्हेंबर, दुपार
मोठा शोध!! मोबाइलमध्ये माझं "हुर्र" शोधताना कळलं की त्या दिवशी रेकॉर्डिंग बंदच केलं नव्हतं. शिवकन्येचं सगळं बोलणं त्यात आलंय, पहिल्या "काय करून राहिलाव हे!" पासून शेवटपर्यंत. काय आवाज! काय चढउतार! माझ्या हातून चहा सांडला.
कार्ड भोंग्यात घातलं. हरणं नाल्यापार गेली, तिथून टेकडीपार गेली, दिसेनाशी झाली. वाघ झक मारतो.

२ डिसेंबर
पाचवा दिवस, एक हरीण नाही. बांधावर मात्र माणसं जमायला लागलीत. व्यंकट, त्याची बायको सिंधु, वरच्या शिवारातले दोघं-तिघं. काल तर एक जण डबा घेऊन आला होता. माझ्या प्रयोगाबद्दल इतकी उत्सुकता असेल असं वाटलं नव्हतं. सिंधु तोंडाला पदर लावून ऐकते. भारावली असणार.
रेकॉर्डिंगमधला काही मजकूर घरगुती आहे, हे खरं. उदाहरणार्थ, नांगरट मी केली असं सगळ्यांना सांगतो आणि त्या वेळी लिंबाखाली खुर्ची टाकून बसलो होतो. किंवा, निवृत्त कसले झालात, पोरं दुसऱ्या क्लासला उठून गेली म्हणून मालकानं घरी बसवलं, वगैरे. संदर्भ सोडून ऐकलं तर गैरसमज होऊ शकतो. पण प्रयोगात डेटा कापायचा नसतो. शिवाय मला तो कापता येत नाही.
मध्येच एका ठिकाणी ती एकदम थांबते, दम घेते आणि म्हणते, "आन् सकाळची गोळी घेतली का न्हाई?" मग पुन्हा इरकलवर येते. तेवढ्या जागी माझ्या तोंडून आपोआप "घेतली" जातं. आज व्यंकटसमोर गेलं. नसली घेतली तर घरी जाऊन घेतो. एकंदरीत सोयीचं आहे.

६ डिसेंबर
एक काळवीट बांधापर्यंत आलं. भोंग्याकडे तोंड करून पूर्ण ऐकलं. मग दोन शेंडे खाऊन गेलं. अपवाद असतातच.

९ डिसेंबर
अपवाद कळप घेऊन आला. बाभळीच्या सावलीत, बरोबर भोंग्याखाली बसतात. सगळ्यात वरच्या पट्टीत जिथे माझ्या मेंदूबद्दल आहे, तिथे डोळे मिटून रवंथ करतात.
व्यंकट म्हणाला, सर, हरनाची बी तुमच्यासारखीच गत झाली की. काय म्हणायचं होतं त्याला, कळलं नाही. बाकीचे हसले. अशा लोकांत राहून संशोधन करायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.
तरी भोंगा बंद केलेला नाही. गोळीचं लक्षात राहतं.

१४ डिसेंबर
उदगीरला फोन केला. मेहुण्यानं, पंचाक्षरीनं उचलला. त्याचं कापडाचं दुकान. मी काही बोलायच्या आत म्हणाला, दाजी, भोंगा ऐकला. सिंधुनं व्हिडिओ पाठवला होता म्हणे. दुकानातल्या सगळ्यांनी ऐकला, गिऱ्हाइकांनीही. मागे कुणीतरी हसत होतं.
शिवकन्येला फोन दे म्हणालो. म्हणाला, अक्का साड्या दाखवायली, मोकळी न्हाई. तिला इथं लई करमायलंय, झोप बी चांगली लागती. मी म्हणालो, छान.
येळवसला मात्र येणार आहे. येळवस म्हणजे वेळ अमावास्या, आमच्या लातूरकडचा रानातला सण, त्या दिवशी घरात कुणी थांबत नाही. पंचाक्षरी म्हणाला, तुमच्यासाठी न्हाई, रानातल्या लक्ष्मीसाठी यायली. कुणासाठी का असेना. एकदा आली की राहील. पूजेला जोडी लागते, हे तिलाही माहीत आहे.

२९ डिसेंबर
तयारी जोरात. पूजेसाठी कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, स्वतः बांधली. जरा कलली आहे, पण हवा खेळती राहील. पाच पांडव म्हणून पाच दगड धुऊन मांडले. उरलेला हरभरा कोपीच्या समोरच आहे, त्यामुळे बसल्या जागी रान भरलेलं दिसतं. भोंगा बंद केला. हरणांसाठी व्यंकटला सांगून ठेवलंय, उद्या सकाळी त्याची कुत्री सोडायची.
इरकल धुतली, घडी केली, कोपीत ठेवली. माफी मागायचा विचार आहे. मोघम शब्दांत.

३० डिसेंबर, येळवस, रात्री
ती आली. पंचाक्षरीच्या जीपमधून, डोक्यावर आंबिलीचं मडकं, बरोबर सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी आणि बाजरीचे उंडे. तब्येत सुधारली आहे तिची. माझ्याकडे न बघता पूजा केली. जोडीनंच केली! मी इरकल पुढे केली. तिनं घेतली, मांडीवर ठेवली, डागावरून बोट फिरवलं. सगळं जुळत आलं होतं. तेवढ्यात ती आंबील शिंपडत रानाला फेरी मारायला निघाली आणि हरभऱ्यात हरणं.
कुत्री व्यंकटच्या कोपीपाशी भज्जी खात होती.
शिवकन्या ओरडली. "हाऽऽड! काय करून राहिलाव हे!" खरा आवाज, भोंग्यापेक्षा किती तरी मोठा. एकाही हरणानं मान वर केली नाही. ती आणखी पुढे गेली, आणखी मोठ्यानं ओरडली. दहा पावलांवरचं काळवीट तिच्याकडे बघून खाली बसलं. बाभळीची सावली ओळखीची, आवाजही ओळखीचा.
आजूबाजूच्या सगळ्या रानांत माणसं जेवत होती. सगळ्यांनी बघितलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. सिंधु हसली नाही. शिवकन्या मडकं घेऊन उभीच राहिली. तिचा चेहरा मला बघवेना. मी धावत जाऊन समजावलं, की यात तुझा काही दोष नाही, महिनाभर दिवसभर ऐकलं की कुणालाही सवय होते, तुझा आवाज तर सगळ्यात जास्त दिवस टिकला, माझा तर चार दिवसांतच. आणखीही बरंच बोललो. बोलायला नको होतं, असं आता वाटतं.
मला वाटलं आता तिचं सुरू होईल, मी तयारसुद्धा होतो. झालं नाही. जेवण सगळ्यांना वाढलं, मलाही वाढलं. भांडी आवरली. जीपमध्ये बसताना तेवढं म्हणाली, ते पुसून टाका. मी विचारलं, संक्रांतीला येशील ना? पंचाक्षरीनं जीप चालू केली.
इरकल घेऊन गेली. गोळीचं विचारलं नाही.

३१ डिसेंबर
कार्ड पुसलं. मोबाइलमधलंही. शब्द पाळणारा माणूस आहे मी.
भोंगा घरी आणून माळ्यावर टाकला. व्यंकटकडून करडईचं बी मागून आणलं. आता पेरून उपयोग नाही म्हणाला. मला माहीत आहे. ट्रंकेवर ठेवलंय.

३ जानेवारी २०२५
रानात गेलो नव्हतो. हरभरा आहे तेवढा आहे. घर शांत. सकाळी उठलो तर भोवळ आली, दाराला धरून उभा राहिलो. मग पाकीट काढून बघितलं. येळवसपासून एकही गोळी घेतलेली नाही. कुणी विचारलंच नाही, तर लक्षात कसं राहणार?
घेतली. "घेतली," असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा. बाजेखालून कुत्रं बाहेर येऊन बघून गेलं.
काळजीचं कारण नाही. होईल सवय. हरणांना तिच्या आवाजाची व्हायला आठवडा लागला. मी माणूस आहे, मला तो नसण्याची व्हायला थोडे जास्त दिवस लागतील.