किसणी लपवायची नाही

सोमवार, २७ ऑक्टोबर

— आणि वर भिंतीला नियम चिकटवलेत! माझ्या आईच्या स्वयंपाकघरात! मासे तळू नयेत. खिडकीत कपडे वाळत घालू नयेत. मोठ्याने बोलू नये. सवेरियो, मेल्या, ह्या घरात मोठ्याने बोलल्याशिवाय कुणाला मीठ तरी मिळायचं का?

दाराशी किल्लीची डबी ठोकलीय. आकडे दाबायचे, मग किल्ली. लहानपणी ज्या दाराला लाथा घातल्या ते दार आता माझ्याकडे आकडे मागतं. गास्पारेला ते जमेनात. घामाघूम झाला नुसता. "क्रोचेत्ता, अजून वेळ गेली नाही, हॉटेलात जाऊ." म्हटलं, नवरोबा, सरक बाजूला.

लिहून काढते, नाहीतर इथली एकेक बशी फोडेन. शाळा चौथीत सुटली, पण राग लिहायला चौथी पुरते.

सवेरियो माझा धाकटा भाऊ. आई गेल्या फेब्रुवारीत गेली. हिवाळा सरेपर्यंतसुद्धा दम धरवला नाही त्याला — भिंतींना पांढरं फासलं, आईचा पलंग काढला आणि घर परक्या पाहुण्यांना आठवड्याच्या बोलीवर द्यायला सुरुवात. सगळं एजन्सीची एक पोरगी बघते, हा तोंडसुद्धा दाखवत नाही. म्हणून तर साधलं! लेकीला सांगितलं, जावयाच्या नावावर घे. तोरिनोहून विमानात बसलो आणि पालेर्मोत उतरलो. आपल्याच आईच्या घरात पाहुणे.

मला घर नको. घर घालू दे त्याच्या डोक्यात. मला एकच विचारायचंय. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मला का कळवलं नाहीस? आदल्या रविवारी मी फोनवर बोलले तेव्हा नुसता खोकला होता. पुढच्या रविवारी फोन केला तर लोरेदानाने, त्याच्या बायकोने उचलला. "आता सवड झाली?" म्हणाली. "शुक्रवारी पुरलं त्यांना."

आता सवड झाली! ते शब्द अजून कानात चावतात. मी जे ओरडले, जो फोन आपटला, तो आजपर्यंत. त्याचं ऐकलं नाही, तिचं ऐकलं नाही. काय ऐकायचं? आई तिकडे शेवटच्या धापा टाकत होती आणि मी इकडे गास्पारेच्या निवृत्तीच्या जेवणाची वांगी तळत होते. शनिवारी जेवण, चाळीस माणसं. आई मातीत, आणि मी रेडिओ लावून, गाणी म्हणत तळत होते!

येत्या रविवारी आमच्या मेलेल्यांचा दिवस. त्या दिवशी सवेरियोला ह्याच टेबलाशी बसवणार. जिन्यातले जे कोणी जुने शेजारी उरले असतील त्यांना बोलावणार. सगळ्यांसमोर विचारणार. बघू कुठे तोंड लपवतो.

संध्याकाळी तेल आणायला खाली गेलो होतो. परत येतो तर दाराच्या कडीला पांढऱ्या फडक्यात बांधलेलं पातेलं. कोंबडीचं सूप, आत बारीक शेवया. गरम. अच्छा! एजन्सीचं स्वागत! आईचं घर भाड्याने लावतो आणि वर पाहुण्यांना सूप पाजतो! सगळं सिंकमधे ओतलं. गास्पारे नुसता बघत उभा. मग बाहेर जेवलो. त्याने दोन ताटं पास्ता हाणला, माझ्यातलं उरलेलंही पुसून खाल्लं. तो तसाच. बेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने ताटात काही टाकलेलं मी पाहिलं नाही.


मंगळवार, २८ ऑक्टोबर

तारल्या तळल्या. खिडक्या बंद करून तळल्या! लसूण जाळला. पडदे धुराने भरले. गाद्यांना वास लागो, उशांना लागो, पुढच्या जोडप्याच्या स्वप्नात माझ्या तारल्या येवोत. बल्लारोच्या बाजारात मासेवाला म्हणाला, "काकू, एवढ्या? लग्न आहे का घरी?" म्हटलं, आहे. भावाचं वाजवायचंय.

गास्पारे म्हणाला, "हे पोरकट आहे." पण खाल्ल्या. काटेसुद्धा चोखले.

स्वयंपाकघरात आईचं काही ठेवलं नाही मेल्यांनी. चमचे नवे, कप सगळे एकसारखे, पाहुण्यांसारखेच. पण खालच्या खणात, पार मागे, हाताला काय लागलं — आईची किसणी! तीच. एका बाजूचे दात वाकलेले, मुठीला सुतळी गुंडाळलेली. मी तिथेच फरशीवर बसले.

आमच्या मेलेल्यांच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आई ही किसणी लपवायची. त्या रात्री घरचे मेलेले येतात. गुणी पोरांना साखरेच्या बाहुल्या ठेवतात, आणि वाईट पोरांचे तळपाय किसणीवर किसतात. किसणी सापडली नाही तर वाचलात. सवेरियो दुपारपासूनच रडायला लागायचा. "आई, नीट लपव! आई, अजून आत लपव!" त्याला माहीत होतं कुणाचे पाय किसण्यालायक आहेत ते!

ह्या वर्षी लपवायची नाही.

आज पुन्हा कडीला फडकं. बटाट्यांत शिजवलेला खारा मासा. एजन्सी खारा मासा कशाला देईल? बाहेर जाऊन जिन्यात बघितलं. कुणी नाही. सगळ्या दारांना किल्लीच्या डब्या. मी खाल्लं. चव ओळखीची, पण नाव आठवेना. गास्पारे म्हणाला, "माझं पोट जड झालंय."

करपलेलं, आंबलेलं, सगळं गिळणारा माणूस हा!


बुधवार, २९ ऑक्टोबर

स्वयंपाकघराच्या गॅलरीत बसले होते. डोक्यावरून दोराला बांधलेली टोपली खाली आली. माझ्या नाकासमोर येऊन थांबली. आत भट्टीतला पास्ता, वर तेच पांढरं फडकं. मान वर केली. वरच्या मजल्यावरची नीन्फामावशी, आईची शेजारीण!

जिवंत आहे! मला वाटलं होतं गेली असेल, नाहीतर लेकीकडे नेऊन ठेवली असेल. केस कापसासारखे झालेत. मी ओरडले, "मावशी! अगं, मी! क्रोचेत्ता!" तिने टोपली रिकामी व्हायची वाट पाहिली, दोर वर ओढला, खिडकी लावून घेतली. हूं नाही की चूं नाही.

मी ताट हातात घेऊन उभी. आणि मग एकदम कळलं.

कडू घास!

मेलेल्या माणसाच्या घरात चूल पेटवायची नसते. तीन दिवस शेजारी जेवण आणतात. घरचं माणूस नंतर आलं, महिन्यांनी आलं, तरी ज्या दिवशी पहिलं पाऊल टाकेल तिथून तीन दिवस. सवेरियोला तेव्हाच मिळाला असणार. माझा राहिला होता. ह्या म्हातारीने मला जिन्यात पाहिलं, ओळखलं, आणि गप चूल पेटवली — तिच्या घरात, माझ्यासाठी.

आणि मी पहिला घास सिंकमधे ओतला! स्वागत म्हणे! आणि काल तारल्या तळल्या! दुखवट्याच्या घरात!

सिंकच्या जाळीला एक शेवई चिकटली होती. सुकलेली. बोटाने काढली आणि खाल्ली.

मग पास्ता खाल्ला, सगळा. रडले. पुरे झालं.

गास्पारेला म्हटलं, बस, हा कडू घास आहे, आईचा आहे, जावई आहेस तू. उभाच राहिला. "परक्याकडचं नको मला." परक्याकडचं? नीन्फामावशीने आमच्या लग्नात हाताने बदामाची मिठाई केली होती, तेव्हा ह्यानेच खिसे भरून घेतले होते! बाजारात निघून गेला. आला तेव्हा शर्टावर तेल. चण्याच्या पिठाच्या वड्या घातलेला पाव खाऊन आला. म्हणजे पोट जड नाही. मग काय आहे?

मला वाटतं त्याला रविवारच्या भांडणाची भीती वाटते. शेळपट.


गुरुवार, ३० ऑक्टोबर

टोपली आली नाही. तीन दिवस झाले ना.

आता चूल माझी.


शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

सकाळी काठीचा आवाज. जिन्यात, मग दारावर. गास्पारेने दार उघडलं, नीन्फामावशीला पाहिलं, आणि कोट घेतला. "कॉफी पिऊन येतो." मावशी त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"घरात कॉफी संपली?"

"आहे की."

"हं." आत आली. बसली नाही. "खाल्लंस? पोटात राहिलं?"

"मावशी, पहिल्या दिवसाचं ओतलं. मला वाटलं—"

"ओतलंस!" काठी फरशीवर आपटली. "कोंबडी जुनी होती, दोन तास शिजवली! बरं. घास घालायचा होता, घातला. तुझ्यासाठी नाही, तुझ्या आईसाठी. दुःखाच्या माणसाला तीन दिवस वाईट बोलायचं नसतं, म्हणून तोंड शिवलं होतं. आता सोडते. लाज नाही वाटली? आई हाका मारत होती, आणि तू येत नाही म्हणालीस! सवड नाही म्हणालीस!"

मग मीही सुटले. "मी म्हणाले? मी? मला कुणी कळवलंच नाही! रविवारी कळलं, पुरल्यावर!"

"खोटं बोलू नकोस ह्या घरात. सवेरियोने माझ्यासमोर फोन केला. आईच्या पायथ्याशी उभा होता. फोन ठेवला आणि म्हणाला, आई, ताई येत नाही म्हणते, तिला सवड नाही."

"आईने ऐकलं?"

"कान शेवटपर्यंत चांगले होते तिचे."

"काय म्हणाली?"

मावशी तेव्हा बसली. काठीच्या मुठीवरून हात फिरवला. "म्हणाली, चीज किसून ठेवा. रागाने नाही म्हणाली असेल. उशिरा येईल, आणि भुकेली येईल. — मी किसलं. त्या किसणीवर. म्हणून सवेरियोला ती फेकू दिली नाही."

पुढचं लिहवत नाही.

पण एक कळलं! खोटा फोन! सवेरियोने मरत्या आईसमोर कानाला फोन लावला, हवेशी बोलला, आणि माझ्या तोंडी ते शब्द घातले! मी मावशीला तेच म्हटलं. ती म्हणाली, "सवेरियो खोटं बोलताना रडतो. पाळण्यात असल्यापासून. त्या दिवशी रडला नाही." म्हटलं, मोठा झालाय, शिकला असेल! सांग त्याला, रविवारी ये म्हणावं. ताई जेवायला वाढणार आहे. अशी वाढणार आहे की जन्मभर तोंडाची चव जाईल!

गास्पारे एका कॉफीला तीन तास लावून आला. सगळं सांगितलं. खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. "झालं ते झालं," म्हणाला. "त्याला काय विचारायचं आता. आपण उद्याच निघू. मी तिकिटं बदलतो."

म्हटलं, तुला जायचं तर जा. मी रविवारपर्यंत इथून हलणार नाही.

गेला नाही. पण मी केलेली वांगी ताटात तशीच ठेवली.


शनिवार, १ नोव्हेंबर

सवेरियो आजच आला. म्हातारा झालाय. मी तोंड उघडलं — एवढे महिने घोटून ठेवलेलं सगळं! — तर त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून गास्पारेकडे बघत म्हणाला, "भावोजी, तुम्ही हिला अजून सांगितलं नाही?"

आमच्या घरी फोन लागला होता. गास्पारेने उचलला होता, ती येत नाही, तिला सवड नाही, असं त्यानेच सांगितलं होतं.

गास्पारे पाव आणायला खाली गेलाय. घरात पाव आहे.

त्या फेब्रुवारीत बुधवारी आमच्याकडे फोन, शनिवारी त्याच्या निवृत्तीचं जेवण. मी निघाले असते तर वांगी कोण तळणार होतं? — एवढ्यासाठी? मी मनाशी दुसरं कारण शोधतेय आणि सापडत नाही. त्याने सांगावं.

टेबल मांडलंय. गास्पारेच्या ताटाशेजारी किसणी ठेवलीय, दात वर करून.

उद्या रविवार. सकाळी मी आईकडे दफनभूमीत जाणार. दाराबाहेर पाऊल टाकायच्या आत मला उत्तर पाहिजे, गास्पारे. तुझ्या तोंडून. उद्या सकाळी.