चावून पाहिलेले मणी

१२ नोव्हेंबर

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राला उत्तर नाही म्हणून मला शिव्या घालत असशील. घाल बापडी. जाळी पाण्यात पडायचा हंगाम आहे, भट्टीपुढून हलायला सवड नाही. शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, मणी सुटे करायचे आणि प्रत्येकावर बाबांची दोन रेघांची खूण मारायची. जाळ्याच्या खालच्या दोरीला आपले मणी नसले तर तळ्यावरचे मासेमार अजूनही नाक मुरडतात. बाबा असते तर मिशीला पीळ भरत हिंडले असते.

तुझी भाची फार शहाणी झाली आहे. हिचं नाव भिंगरी कुणी ठेवलं, असं वाटावं इतकी एका जागी बसते. भट्टीशेजारी पोतं टाकून माझ्याकडे बघत राहते. आई म्हणते, पोर सुधारली. तुझ्या वहिनीला मात्र चैन नाही. म्हणे जेवत नाही, पोट धरून कळवळते, काल शिकलेलं आज विसरते. तुझ्या वहिनीला काळजीला निमित्तच लागतं!

आणि एक गंमत सांगायची राहिली. ओत मऊ उतरलाय की कडक, हे बाबा मणी चावून सांगायचे ना? पोरीने ती विद्या उचलली बघ. दाढेखाली धरते, चावते आणि बाबांसारखीच मान डोलावते. मी येईल त्याला बोलावून दाखवतो. तुला कधी जमलं नाही, तू थुंकून पळायचीस.

माया आहेच, पत्रं लिहून ती ताजी ठेव.
तुझा दादा


२४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

तळ्याच्या या टोकाला रानबदकं मरताहेत. लोक टोपल्यांतून माझ्या जनावरांच्या दवाखान्यात आणतात. पंख लोंबलेले, मान उचलवत नाही, समोर दाणे टाकले तरी चोच उघडत नाहीत. एकाचा एक्स-रे काढला. दाणे भरडायला बदकं खडे गिळतात, तसे पोटात खडे होतेच, पण त्यांत एक पांढरा लख्ख ठिपका दिसला. बदक गेल्यावर पोट उघडलं तर मणी निघाला. झिजला होता, पण दोन रेघा शाबूत होत्या. दादा, मी तो धुतला आणि बाबांची खूण पुन्हा पुन्हा भिंगातून पाहिली.

जाळी फाटतात, मणी तळाशी गळतात, बदकं खडा समजून गिळतात. मग शिसं रक्तात उतरतं आणि पोट, हातपाय, डोकं असं एकेक बंद पाडत जातं. माणसाचंही तसंच, आणि लहान मुलांना तर अगदी थोडंही बाधतं.

दुसऱ्याच दिवशी तुझं पत्र आलं. जेवत नाही, पोट दुखतं, विसरते, एका जागी बसते. अरे, मी माझ्या पिंजऱ्यातल्या बदकांचीच लक्षणं वाचत होते! भिंगरी शहाणी झालेली नाही रे, ती आजारी आहे. तिच्या तोंडात मणी जाऊ देऊ नकोस. तिला भट्टीपासून लांब ठेव. तिचं रक्त तपासून घे. तुझ्या पाया पडते.

रागावलास तरी चालेल, पण हे ऐक, एवढीच मागणी.
तुझी चिमणी


२ डिसेंबर

चिमणे,

आशीर्वाद लिहायला आज हात होत नाही, तरी ते आहेत असं समज.

चार बदकं मेली म्हणून माझ्या मुलीला त्यांच्या रांगेत बसवलंस? याच भट्टीने तुला डॉक्टरीण केलं, हे विसरलीस. बाबांनी जन्मभर मणी चावले. काय झालं त्यांना? पोटदुखी त्यांना पहिल्यापासूनच होती. शेवटी मनगट लोंबायचं, हातातून पेला सुटायचा, तो वयाचा भाग. मी माझ्या हाताने पोरीला विष चारतोय, असंच तुला म्हणायचंय ना? मग सरळ तसं लिहायचं होतंस.

भट्टी चालू आहे आणि चालू राहील. आईने विचारलं, चिमणी काय म्हणते. मी सांगितलं, बदकांची खुशाली कळवते.

लोभाचं काय ते तुझं तू ठरव.
दादा


२० डिसेंबर

प्रिय चिमणे,
अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांनी मला तावातावाने वाचून दाखवलं, की बघ तुझी नणंद काय अक्कल शिकवते. ते वाचत गेले आणि मी मनातल्या मनात पोरीचं एकेक लक्षण मोजत गेले. भांडले असते तर घर डोक्यावर घेतलं असतं ह्यांनी. म्हणून चष्म्याचा नंबर काढून येते असं सांगितलं आणि पोरीला घेऊन थेट मोठा दवाखाना गाठला.

रक्तात शिसं निघालं, तेही थोडंथोडकं नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद पुन्हा एकदा पाहिला आणि मला आधी बसायला सांगितलं. तिथेच भरती केली. औषध चालू आहे, ते शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढतं म्हणे.

निरोप मिळाल्यावर हे भट्टीवरच्याच कपड्यांनी धावत आले. बाईंनी दारातच अडवलं. कपड्यांवर शिशाची धूळ आहे, असं मुलीला जवळ घ्यायचं नाही, म्हणाल्या. पलीकडे खाटेवर पोर हात पसरून बसलेली आणि हे उंबऱ्यावर खिळलेले. चिमणे, ह्यांचा तसा चेहरा मी लग्नापासून पाहिला नव्हता. तसेच घरी गेले, भट्टी विझवली, साचे पोत्यात बांधले, अंघोळ करून धुतलेल्या कपड्यांत परत आले आणि मग तिला पोटाशी धरून बसले.

ह्यांचंही रक्त तपासलं, ते पोरीच्याही वरचढ निघालं. ते कळल्यावर आईंनी बाबांच्या मनगटाचं काढलं आणि खूप रडल्या. शिसं निघेल, पण पोरीचं जे गेलं ते सगळं परत येईल असा शब्द बाई देत नाहीत. माझा जीव तेवढ्यात अडकला आहे.

ह्यांच्यावर राग धरू नकोस, आणि धरलासच तर पत्र लिहून धर.
तुझी वहिनी


१६ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ., आणि मागच्या वेळचे राहिलेलेही घे.

माझं ते पत्र चुलीत घाल. तू म्हणालीस तेच खरं होतं आणि मी गाढवासारखा वागलो. यापेक्षा छान लिहायला मला येत नाही.

आता धंद्याचं ऐक. आधी जस्ताचे मणी करणार होतो, तर तू कळवलंस की जस्तानेही बदकं मरतात. बाई गं, बदकं आहेत की जावई? मग भाजक्या मातीचे केले. ते इतके हलके की जाळं पाण्यात फुगलं आणि मासे खालून मजेत निघून गेले. आता लोखंडी कड्या वळतो आहे. गंज चढू नये म्हणून जवसाच्या तेलात बुडवून भाजतो, काळ्या कुळकुळीत होतात. पण घेतंय कोण? धक्क्यावरचे म्हातारे मासेमार, ज्यांना आपण तिरसटराव म्हणायचो, ते सगळ्यांदेखत म्हणाले, तुझ्या बापाने मणी दिले आणि तू म्हशीच्या बांगड्या विकायला निघालास. मलाही चेव आला. म्हटलं, तुमचं जाळं आणि माझं जाळं शेजारी शेजारी टाकू, होऊन जाऊ दे.

भिंगरी घरी आली आहे. जेवते, पोट दुखत नाही. पण अजून गप्प असते गं. आकडे ओळखते आणि विसरते, मग माझ्याकडे बघते. कड्या विकल्या जावोत न जावोत, माझी पोर मला परत हवी आहे, बस.

तुझी माया अशीच दटावणारी राहू दे.
तुझा दादा


८ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

किती पोटात ठेवतोस रे! जाळ्यांच्या पैजेचं पुढे काय झालं, हे मला तिरसटरावांकडून कळावं? काल ते होडी घेऊन स्वतः दवाखान्यात आले. म्हणाले, तुझ्या भावाचं जाळं माझ्या जाळ्याच्या बरोबरीने तळाला टेकलं आणि मासळीही जास्त त्यातच निघाली, ती मी माझ्या हाताने मोजली. वर मलाच दम दिला की हे गावभर सांगायचं नाही, गावाला आधीच माहीत आहे! आता साऱ्या होड्यांना तुझ्याच कड्या आहेत म्हणे. जाळ्यांवरून उतरवलेले शिशाचे मणी त्यांनी पोती भरून आणले होते. शिसं नीट हाताळणाऱ्या कारखान्यात मी ते पोचवले.

तळ्याच्या तळाशी अजून पुष्कळ मणी आहेत, ते साफ व्हायला वर्षं जातील. पण यंदा आजारी बदकं मोजकीच आली, आणि एकाला तर बरं करून मी स्वतः सोडलं. गाढव माझ्या बोटाला कडकडून चावून उडालं!

भिंगरीचं मात्र कुणीच नीट लिहीत नाही. मला ते हवंय.

मायेबरोबर थोडी सविस्तर बातमीही पाठवत जा.
तुझी चिमणी


३० जानेवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

बातमी हवी होती ना? घे.

काल शाळेतून बोलावणं आलं. माझं धाबंच दणाणलं. आता बाई सांगणार की हिला काही येत नाही, खालच्या वर्गात बसवा. त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी हसून सांगितलं होतं की रक्तातलं शिसं खूप उतरलंय. पण रक्तातलं उतरलं तरी डोक्याचं काय, ही भीती होतीच. मुलांच्या त्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन मी बसलो.

बाई फार चिडलेल्या होत्या. म्हणाल्या, तुमची मुलगी एका जागी बसत नाही. तोंडाचा पट्टा बंद होत नाही. प्रत्येकाच्या वहीत डोकावते. परवा फळ्यावर माझी बेरीज चुकली, तर हिने भर वर्गात ओरडून सांगितलं. शेजारचा मुलगा माझ्या बाजूने बोलला, म्हणून त्याला चिमटा काढला. आणि खाली बस म्हटलं तर उलट मलाच म्हणते, बाई, आधी बेरीज पुसा.

चिमणे, मी तिथेच ढसाढसा रडलो. गडीमाणूस, कशाचीही लाज वाटली नाही. बाई घाबरल्या, पाणी आणायला धावल्या, म्हणाल्या एवढं मनाला लावून घेऊ नका, पोर हुशार आहे, जरा ओरडा म्हणजे झालं. मी डोळे पुसले, हात जोडले आणि म्हटलं, बाई, माझ्या पोरीची तक्रार मला पहिल्यापासून पुन्हा एकदा सांगा. बाईंनी सांगितली. मग घरी येऊन मी ती तुझ्या वहिनीला सांगितली, आईला सांगितली, आणि आता तुला लिहितो आहे.

लोभ कर, आणि भाचीला ओरडायला म्हणून ये, आमच्यापैकी कुणाच्याच्याने ते होत नाही.
तुझा दादा