उसनं पातळ, नवे झंपर

१६ जून ७४, रविवार
कारखान्यानं सभासदांना वाटलेली डायरी सदानं खुंटीला टांगलेली, कोरी. सदा माझा ल्योक. डायरी मी काढून घेतली. मी सांगती, माझी नात नंदा लिहिती. मला अक्षर येत न्हाई म्हणून माझं बोलणं वाऱ्यावर जावं असं कुठं हाय? हसू नको नंदे, हेबी लिही.

नंदीला सांगलीत मास्तरीण व्हायच्या शाळेत जागा मिळाली. दोन वर्सं बोर्डिंगात ऱ्हायचं. तिचा बा म्हणतो, "बघू." सदाचं 'बघू' मी पाळण्यापास्नं वळखती. अर्धं न्हाई असतंय ते.

पोरीला नेसायला आईचं एक विटकं पातळ. माझ्या दोन शेळ्या विकल्या. शेळ्या माझ्या, इचारबी माझाच.

२० जून
इस्लामपूरचा बाजार. दुकानदारानं नायलॉनची पातळं भराभर उलगडली. नंदीचे डोळे तिथंच चिकटले. "आजी, सांगलीत समद्या हेच नेसतात." म्हटलं, समद्यांस्नी घाम येत नसंल, तुला येतो.

सुताची दोन घेतली, साधी, गडद. दुकानदाराचं तोंड एवढंसं झालं. मग झंपराचं कापड मागितलं, त्याच्या दुकानातलं सगळ्यात चांगलं. त्याला कळंना ही म्हातारी कंजूस का उधळी.

सोपं हाय. मास्तरीण फळ्यावर लिहिणार. हात वर जाणार. झंपर काखंत उसवला तर पोरं फळा बघतील व्हय? पातळ लोकांच्या डोळ्यांसाठी, झंपर आपल्या जिवासाठी. काटकसर पातळात, झंपरात न्हाई. वहाणाबी दुहेरी तळाच्या करून घ्यायच्या. नंदी रुसली. रुसू दे, रुसव्याला शिलाई पडत न्हाई.

२५ जून
शिंप्याकडं. "आजी, कापड वाचवतो, दोनाच्या कापडात तीन बसवतो." म्हटलं, वाचवू नको बाबा. आत दोन बोटं दाब सोड. बोर्डिंगात खाऊन पोरगी सुटली तर उसवून मोठा करता आला पायजे.

पहिला झंपर कच्चा टाचून नंदीच्या अंगात घातला. हात वर कर म्हटलं. फळा हाय समज, लिही. लाजली. "काय लिहू?" माझं नाव लिही. लिहिलं तिनं हवेत, कोंडाबाई. काखंत ओढ बसली. शिंप्यानं खडूची खूण केली, तिथं कापडाची कळी जोडून सैल करतो म्हणाला.
माझं नाव एवढं लांब असतंय, आज कळलं.

३० जून
सदानं जेवताना सांगितलं, गुरुवारी मलकापूरची पाव्हनी नंदीला बघाय येणार. हे त्याचं 'बघू'. वर म्हणतो, "आई, शेळ्यांचं उरलं असंल त्यात एक जरीचं पातळ घे. पोरगी शोभून दिसाय पायजे."

घटकाभर पोहे द्यायला जरीचं कशाला? शेजारच्या हौसाचं मागू म्हटलं. हौसाचा नवरा मिलिटरीत, त्यानं बंगलोरास्नं आणलेलं जांभळं पातळ हाय. गल्लीतल्या समद्या पोरी त्याच पातळात दाखवल्या. हौसा न्हाई म्हणत न्हाई. "फकस्त हळद सांडू नका आत्ती" एवढंच.
सदाला पटलं. काटकसर म्हटली की त्याला पटतंच.

४ जुलै
पाव्हनी आली. पोराची आई जाडजूड, हसऱ्या तोंडाची. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मग नंदीचा पदर हातात धरला. बोटानं चाचपला. "आवं, हे पातळ मी बघितलंय. गेल्या साली ह्याच गल्लीत आलो व्हतो, ती पोरगी ह्याच पातळात व्हती. पदराचं रफूबी तेच."

सदा काळाठिक्कर. नंदीची आई आत पळाली. नंदी खुदकन हसली.
मी म्हटलं, गुणाचं पातळ हाय बाई. त्यातल्या चार पोरी सुखानं नांदत्यात.
पाव्हनी पोहे खाऊन गेली. हो न्हाई, ना न्हाई.

सदा म्हणाला, "आई, ही माणसं गेल्या साली येऊन गेल्याली तुला ठावं व्हतं?"
म्हटलं, मला बापडीला लिहाय-वाचाय येत न्हाई, मला काय ठावं असतंय.
(नंदीनं लिहायचं थांबवून माझ्याकडं बघितलं. लिही म्हटलं.)

७ जुलै, रविवार
निरोप आला. "पोरगी मोकळी हसली, ते आवडलं. पसंत. पातळ आमचं आमी आणू. तुळशीची लग्नं झाली की बार उडवू. उद्या दुपारपातूर कळवा."

घ्या. माझी काटकसर माझ्याच अंगावर आली. सदा खुशीत, मिशीला पीळ. नंदी चुलीपुढं बसून.
तुझ्या मनात काय गं? म्हणाली, "आजी, झंपर तर शिवून झालेत."
बास. मला एवढं पुरं.

सदाला बसवून सांगितलं. माणसं बरी हायेत, नाकारू नको. पण बरी माणसं दोन वर्सं थांबत्यात. झंपरात दोन बोटं दाब सोडलाय, सोयरिकीत सोडाय काय झालं?
"आणि थांबली न्हाईत तर?"
तर पोरगी मास्तरीण, आणि पातळ उसनं आणायची पाळी त्यांची.
"बघू," म्हणाला.

हौसाच्या नवऱ्याची जुनी ट्रंक आणली. दोन पातळं, चार झंपर, परकर, वहाणा कागदात गुंडाळून. परवापास्नं शाळा, सांगलीची गाडी उद्या सकाळची. ट्रंक उंबऱ्याच्या भाईर ठेवली. सदा दोनदा तिला वळसा घालून आत-भाईर झाला. आत आणली न्हाई. उचललीबी न्हाई. कडी तेवढी हलवून बघितली, घट्ट हाय का.

नंदे, पुसू नको डोळे, शाई पसरती.
उद्याचं पान कोरं राहिलं, तर समजायचं पोरगी गाडीत बसली.