मिरचीच्या सौद्यातली तीन बोटं

नागपूर,
गुरुवार, १३ फेब्रुवारी १९७५

प्रिय बाबा,

बाजार समितीला काल दिलेल्या निवेदनात माझी एक चूक झाली आहे. ती आधी तुमच्यापुढे दुरुस्त करते. मी लिहिलं, की रुमालाखालच्या सौद्यात मी एकदाच हात घातला. एकदा नाही. तीन हंगाम.

आजच लिहायचं कारण, परवा तुमचे अडते मित्र घरी येऊन गेले. मिरचीचा लिलाव यापुढे उघड बोलीने करायचा, असं समिती म्हणते. त्याविरुद्धच्या अर्जावर तुमच्या जागी माझी सही हवी होती. "तुह्या बाबाची शेवटची इच्छा होती, पोरी," ते म्हणाले. अर्जात तुमचंच वाक्य घातलं होतं, व्यापारात सरकारने हात घालू नये. मी सही केली नाही, निवेदन दिलं. सोमवारी सुनावणी आहे.

काका काल ओरडले, "खरं बोलून तू मोकळी होशीन, पण अडतीचं लायसन्स गेल्यावर तुह्या आईनं काय खावं?" याचं उत्तर तुमच्याकडे असतं का? तुमच्याकडे तर प्रत्येक गोष्टीचं असायचं.

चौथीपर्यंत तुम्ही मला घरीच शिकवलंत. वाचन वर्तमानपत्रावर, गणित बोटांवर. रेशनच्या रांगेत उभं करून सांगायचात, "पाहून घे. सरकारनं साखरेचा भाव बांधला, साखर समोरून गेली अन् मागच्या दारानं आली." भाव म्हणजे बातमी, म्हणायचात. कुठे काय कमी आहे, ते गरिबालाही फुकट कळवणारी बातमी. ती दाबू नये.

मला ते पटलं होतं. अजून पटतं. हीच तर अडचण आहे, बाबा.

मग रुमालाखाली काय चालायचं? व्यापारी आणि अडत्या रुमालाआड एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवणार, जितकी बोटं तितका भाव, आणि भोवतीच्या शंभर माणसांना कळणार नाही. शेतकऱ्याचा माल, आणि बातमी तेवढी तुमच्या मुठीत.

सुभद्राबाई आठवते? भिवापूरकडची. नवरा अंथरुणाला खिळलेला, म्हणून मिरचीची पोती घेऊन स्वतः यायची. ठरलेला भाव तिलाही बोटांनीच कळवायचा, पण परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायला तिला संकोच वाटायचा. त्यावर तुम्हीच तोड काढलीत. अकरा वर्षांच्या मला पुढे बसवलंत.

आधी व्यापाऱ्याशी तुमचा सौदा झाला. मला शिकायला मिळावं म्हणून रुमालाखाली माझाही हात तुमच्या हातात होता. त्याने चार बोटं दाबली, ती मलाही जाणवली. मग तुम्ही कानात म्हणालात, "तिले तीन दाब." मी दाबली. ती हसून म्हणाली, "लेकराचा हात हाय, खोटा कसा असन?"

घरी येताना मी विचारलं, "बाबा, त्यांनी तर चार दाबली होती."

"एक बोट बाजाराचं असते," तुम्ही म्हणालात, आणि मला गरम जिलबी घेऊन दिलीत. मी खाल्ली. तुम्ही चुकला असाल, असं त्या वर्षी वाटलं. पुढची दोन वर्षं तसं वाटायला जागा नव्हती. ती दारातूनच विचारायची, "कुठी हाय वं माही माय? तिच्याच हातावर देईन." आणि मी हात पुढे करायचे.

परमिट देणाऱ्या बाबूला तुम्ही चोर म्हणायचात. तो निदान टेबलाखालून स्वतःचा हात पुढे करायचा. तुम्ही मुलीचा केलात.

शोकसभेत तुम्हाला खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता म्हणाले. मीही मान डोलावली. आता सांगते, तुम्ही खुल्या बाजाराला घाबरत होता. तिथे सुभद्राबाईने चार ऐकलं असतं, आणि मग तुमची गरज काय उरली असती? तुमची मतं चांगली होती. ती तुमच्याहून बऱ्या माणसाच्या वाट्याला यायला हवी होती.

तुम्ही गेलात तेव्हा मी खूप रडले. ते रडणं खोटं नव्हतं, एवढं तुमच्यासाठी लिहून ठेवते. त्याहून जास्त माझ्याकडे काही नाही. आई तुमच्या फोटोला रोज हार घालते. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. तेवढा भेकडपणा तुमच्याकडून आलाय, की माझाच आहे, कळत नाही.

सुनावणीला सुभद्राबाईलाही बोलावलं आहे. सोमवारी पुरुषांनी भरलेल्या त्या खोलीत, अध्यक्षांच्या तोंडून तिला हे कळू नये. एक वचन देते, आणि तुम्हाला आवडेल असं त्यात काही नाही. मी तिच्या दारात बसून तिन्ही हंगाम सांगेन. लहान होते, असं म्हणणार नाही. माफी मागून, ती द्यावी की नाही या अडचणीत तिला टाकणार नाही. ती विचारेल, "काहून केलं वं?" तेव्हा आधी माझं नाव घेईन, मग तुमचं.

रविवारी, १६ फेब्रुवारीला, भिवापूरच्या पहिल्या एस.टी.ने निघते आहे.

तुम्ही शिकवलेली,
कुसुम