घेणाऱ्याची सही

प्रिय धाकट्या,

मी परीक्षेत नापास झाले, म्हणून हे पत्र लिहिते आहे. सत्तावन्नाव्या वर्षी शोभत नाही, पण झाले. फोनवर सांगितलं असतं तर "अगं ताई, कशाला मनाला लावून घेतेस" म्हणून तू दोन मिनिटांत मोकळा झाला असतास. कागद शेवटपर्यंत वाचावा लागतो.

परिचारिका म्हणून माझी नोंदणी बंद पडली त्याला नऊ वर्षं आठ महिने झाले. दहा पूर्ण झाली की नाव कायमचं जातं. त्याआधी एक चाचणी द्यायची आणि तीन महिने वॉर्डात कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करायचं. अर्जात मधल्या काळाचा रकाना होता. मी लिहिलं, अर्धांगवायू झालेल्या आईची घरी शुश्रूषा. खिडकीवरचा कारकून सज्जन होता. म्हणाला, "बाई, हे धरता येत नाही. शून्य तास लिहा." मी शून्य लिहिलं. कुठेही व्यवसाय विचारला की मी अजून परिचारिकाच लिहिते. चार महिन्यांनी ते खोटं ठरेल, आणि खोटं लिहायची मला सवय नाही.

चाचणीच्या दिवशी शेजारीण आईपाशी बसली. तिथे पलंगावर रबरी पुतळा होता आणि वीस मिनिटं. नाडी, रक्तदाब, कूस बदलणं, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा आणि माकडहाड लाल झालंय का ते पाहणं. माझे हात कुठेही अडखळले नाहीत. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा मी चादरीच्या सुरकुत्या काढत बसले. ती पाच मिनिटं नोंदी लिहायची होती. परीक्षक मुलगी, माझ्या हाताखाली शिकली असती अशा वयाची, म्हणाली, "बाई, पान कोरं आहे." मी म्हटलं, सगळं केलंय, तुम्ही पाहिलंत. ती म्हणाली, "मी पाहिलं. पण पुढच्या पाळीला येणारी कुणाला विचारणार? या पुतळ्याला?"

तिचं बरोबर होतं. नोकरीत असताना मी अशा पोरींना रडवलं आहे. पाळी संपली तरी पुढची बाई वहीत सही करेपर्यंत आम्ही पलंगापासून हलत नसू, मग घरी काही का जळेना. तो नियम मी विसरले कशी, याचा परतीच्या बसमध्ये विचार केला. उत्तर सोपं आहे. नऊ वर्षं माझ्यानंतर कुणी येणारच नव्हतं. लिहायचं कुणासाठी?

आईला दारातूनच सांगितलं. ती म्हणाली, "शाळेत कधी नापास झाली नाहीस, आता कसली हौस?" दुसऱ्या दिवशी मी तिची वेणी घालत असताना म्हणाली, "त्याला बोलाव. तुझा चेहरा बघून बघून मीही दमले असेन, असं नाही वाटत तुला?" इतकं स्पष्ट मला सुचलं नसतं.

आई पडली त्या आठवड्यात स्वयंपाकघरात उभा राहून तू म्हणाला होतास, "ताई, सहा महिने काढ, मग मी नेतो." मी रजा टाकली, मग राजीनामा. तू पुन्हा तो विषय काढला नाहीस आणि मीही काढला नाही. मला वाटे, आपणहून आठवेल. माणसाला न विचारता वाट पाहणं हीही चूकच, ती माझ्या नावावर धर. तुला दोष द्यायला हे पत्र नाही. तू नकाशे घरी बसून काढतोस, तुझी एक खोली रिकामी आहे. हे काम बायकोवर ढकलायचं नाही. तिने तुला वचन दिलेलं नाही, मलाही नाही.

तर काम असं आहे. येत्या तीन तारखेला दहा वाजता माझी दुसरी चाचणी आहे. तिसरी मिळत नाही. सकाळी आठला गाडी घेऊन आईला न्यायला ये. खालचं पान मी वहीसारखंच लिहिलं आहे, कारण मला सराव हवा आणि तुला माहिती. आईने ते वाचून एक दुरुस्ती केली. 'रुग्ण' खोडून तिने स्वतःच्या हाताने 'आई' लिहिलं. याच पानाची दुसरी प्रत हातात घेऊन मी तिच्या पलंगाशी उभी असेन. सही झाल्याशिवाय मी तिथून हलत नाही, हे तुला आता माहीत आहे.

तुझीच,
ताई

दिनांक तीन, सकाळी आठ. सुपूर्द केले:

आई, वय ब्याऐंशी. शुद्धीवर. डावी बाजू निकामी, जीभ शाबूत.
दर दोन तासांनी कूस बदलणे. डावी टाच अधूनमधून किंचित लाल होते, रोज पाहणे. डाव्या हाताला धरून उचलू नये, खांदा निखळतो.
साध्या पाण्याने ठसका लागतो. घट्ट करायची पावडर निळ्या डब्यात, प्रमाण झाकणावर.
औषधं सात दिवसांची, वार लिहिलेल्या खणांत. चष्मे दोन. चाकाची खुर्ची, उजवा ब्रेक ढिला.
आंघोळीच्या वेळी तू लाजशील, असं ती म्हणते. ती लाजत नाही. तू आठ वर्षांचा होईपर्यंत तिनेच तुला आंघोळ घातली आहे.

देणारी: सही केली आहे.
घेणारा: