मावशीला सांगितलं नाही

दाये, म्हणजे तुमच्या भाषेत आई. तुमचा मुलगा, माझा नवरा, तुम्हाला अशीच हाक मारायचा, म्हणून मीही मारतेय. मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला यातलं ओ की ठो कळणार नाही. पण तुम्ही होतात तेव्हा तरी आपलं काय अडलं होतं? दोघींच्याही देशांपासून दूर, हौगांगच्या या स्वयंपाकघरात तुम्ही कुर्दीत बोलायचात, मी मराठीत, आणि जेवण वेळेवर तयार व्हायचं. एकदा द्राक्षाची पानं मिळेनात म्हणून मी लिटिल इंडियातून अळू आणून ठेवलं नि ऑफिसला गेले. त्याला चिंच लावावी लागते हे तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही भात आणि खिमा भरून सुरेख गुंडाळ्या केल्यात, आणि जेवताना सगळ्यांचे घसे खाजायला लागले. तुम्ही हसता हसता रडायलाच लागलात. तुमचा मुलगा म्हणाला, मावशीची आठवण आलीय तिला.

मग त्यानं सांगितलं. एका आईच्या दोघी. आगगाडीचे रूळ हीच सरहद्द; रुळांच्या अलीकडे तुमचं सासर, तुर्कस्तानात. पलीकडे तिचं, सीरियात. मधे काटेरी तार आणि सुरुंग. ईदला दोन्हीकडची माणसं तारेशी जमायची, एकमेकांची ख्यालीखुशाली ओरडून विचारायची. शिपायाची मर्जी असली तर तुम्ही याच गुंडाळ्यांची पुरचुंडी बहिणीकडे फेकायचात. एका वर्षी पुरचुंडी तारेतच अडकली. तो ते सांगत असताना तुम्ही फेकायला उचलावा तसा हात वर केलात, तो बराच वेळ खाली घेतला नाहीत. मी तुमच्या जवळ येऊन बसले.

तुम्ही इथेच डोळे मिटलेत. तिकडे तारेच्या जागी भिंत उठली होती. मावशीच्या लेकीनं बजावलं, आईचं काळीज दुबळं आहे, तिला कळवू नका. दर ईदला मावशीचा फोन यायचा, बहिणीला बोलवा म्हणायची. तुमच्या मुलाच्या तोंडून खोटं निघेना, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. माझं कुर्दी मोडकंतोडकं, पण "झोपल्या आहेत" एवढं अस्खलित यायला लागलं. तुमची नात इथल्या इंग्रजीत मावशीबद्दल म्हणायची, "ममा, एव्हरी टाइम स्लीपिंग. शी नॉट स्टुपिड, लाह." मी तिलाच दटावायचे.

गेल्या आठवड्यात मावशी गेली. लेकीनं फोनवर सांगितलं, तुमची बातमी आईला पहिल्याच वर्षी कुठूनतरी लागली होती. मला रागच आला. मग दर ईदला विचारायची कशाला, म्हटलं. ती म्हणाली, "आई म्हणायची, त्या एका घरात माझी बहीण अजून झोपलेली आहे. तेवढी असू दे."

मी स्वयंपाक करता करता रडते, आणि कांद्यावर ढकलते. हे पत्र पाठवायचं म्हटलं तरी कुठे पाठवू?

एक सांगते, दाये. "झोपल्या आहेत" म्हणताना मी आवाज खाली आणायचे. पहिल्या ईदला ते मावशीला खरं वाटावं म्हणून होतं. पुढे पुढे, तुमची झोप मोडेल म्हणून.